डागांची वही

माझ्या वडिलांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. हे वाक्य मी अकराव्या वर्षी इतक्या जणांना सांगितलं, की शेवटी ते मलाच खोटं वाटायला लागलं होतं. जितकं ठासून सांगावं तितकं समोरचं माणूस जास्त कळवळून बघायचं. शाळेतल्या बाईंना सांगितलं, शेजारच्या काकूंना सांगितलं, आणि दोघींनीही न बोलता माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला तो हात फिरवलेला अजिबात आवडला नाही. आजही कोणी माझ्याकडे 'बिचारी' म्हणून पाहिलं की माझं डोकं फिरतं.

आम्ही एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत राहायचो. सत्तरचं दशक अर्ध्याहून जास्त उलटलं होतं. वडील, म्हणजे आमचे दादा, कंट्रोल रूममध्ये होते. दर तासाला पॅनेलवरच्या तबकड्या बघायच्या आणि वाफेचा दाब, पाण्याची पातळी, तापमान लॉगशीटवर उतरवायचं, हे त्यांचं काम. पाळी संपली की खाली सही. मी निबंधात 'माझे वडील वीज तयार करतात' असं लिहिलं होतं, तर ते वाचून म्हणाले, "वीज यंत्र तयार करतं. मी लिहितो." पण त्या लिहिण्याचा त्यांना केवढा अभिमान होता ते आम्हाला घरात बसून कळायचं. "आकडा दिसेल तो लिहायचा, बरा वाटेल तो नाही," हे त्यांचं वाक्य आमच्याकडे दिवसातून एकदा तरी व्हायचंच. एकदा मी गणिताचे मार्क थोडे वाढवून सांगितले, तेव्हाही हेच ऐकावं लागलं होतं.

त्यांचं दुसरं काम विहारातलं. वसाहतीच्या कडेला आम्हा बौद्ध कुटुंबांचा पत्र्याचा विहार होता आणि दादा त्याच्या समितीचे सचिव होते. सचिव म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. तिला सगळे 'दारात बसणं' म्हणायचे. कोणी बायकोला किंवा पोरांना मारतो असं कळलं, की दादा आणि समितीची तीन-चार माणसं त्याच्या दारात जाऊन बसायची. भांडण नाही, शिवीगाळ नाही. नुसतं बसायचं. घरातून पाणी आलं तरी घ्यायचं नाही. तो माणूस 'चुकलं' म्हणेपर्यंत उठायचं नाही, आणि पुढच्या रविवारी त्याने वंदनेनंतर सगळ्यांसमोर हात जोडून तेच म्हणायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्या दारात चार माणसं तहानलेली बसली आहेत आणि येणारा-जाणारा बघतो आहे, हे कोणाला सोसवत नाही. भलेभले अर्ध्या दिवसात वाकायचे. कितीतरी घरांतली मारहाण त्या बसण्याने थांबली. मला त्याचा भारी तोरा होता. वर्गात कोणी चिडवलं की मी सरळ सांगायचे, "माझे दादा तुझ्या दारात येऊन बसतील."

या रीतीचा एक काटा मात्र आमच्याच घरात रुतलेला होता. मी चार वर्षांची असताना दादा आईला आणायला माझ्या आजोळी गेले होते. आजोळ सायखेड्याजवळ, गोदावरीच्या काठावर. आजोबांची दोन एकर जमीन, तिच्यात कांदे आणि थोडा भाजीपाला. तिथे दादांना आजीच्या दंडावर चार बोटं उमटलेली दिसली, निळीजांभळी. आजी म्हणाली, घाटावर पाय सरकला तेव्हा यांनी धरलं. आई म्हणाली, बाबा आरडाओरडा करतात पण हात उचलत नाहीत. दादा म्हणाले, "सगळ्या असंच म्हणतात." आणि ते स्वतःच्या सासऱ्याच्या दारात बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांनी 'चुकलं' म्हटलं आणि रविवारी गावच्या विहारात हात जोडून उभे राहिले. त्यानंतर सात वर्षं त्यांनी आमच्या घरात पाऊल टाकलं नाही. आजी वर्षातून एकदा एकटीच यायची, दोन दिवस राहायची आणि दादांशी मोजकं बोलून निघून जायची. मी अर्थातच दादांच्या बाजूची होते. आजोबा मारकुटे आहेत याबद्दल माझ्या मनात कधी शंकाच आली नाही.

माझ्या अंगावरचे डाग नेमके कधी सुरू झाले ते सांगता येणार नाही. मी लहानपणापासून 'नाजूक कातडीची' म्हणून प्रसिद्ध होते. बाकाच्या कडेला गुडघा लागला की दुसऱ्या दिवशी तळव्याएवढा निळा डाग. नाकातून रक्त आलं की लवकर थांबायचं नाही. आई म्हणायची उष्णता झाली, काकू म्हणायच्या दृष्ट लागली, अर्थात दादा घरात नसताना. सहावीत मी खो-खोच्या संघात गेले आणि डागांना ऊतच आला. खेळणाऱ्यांना माहीत असेल, पाठीत 'खो' बसतो तो काही मोरपिसाने देत नाहीत. आमची कप्तान तर असा 'खो' द्यायची की माझ्या पाठीवर तिची पाची बोटं उमटायची. मी ती बोटं आरशात मान वळवून बघायचे आणि मला त्यांचं कौतुक वाटायचं. खेळाडू झाल्यासारखं वाटायचं.

बाईंना मात्र तसं वाटलं नाही. सरावानंतर मी नळावर वाकून तोंड धूत होते, तेव्हा त्यांना माझी पाठ दिसली. दंडावर पिवळट पडत चाललेला एक डाग, मनगटावर एक ताजा, पाठीवर बोटं. त्यांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "घरी कोण मारतं?" मी म्हटलं, कोणी नाही. त्यांनी विचारलं, "वडील?" मी ते माझं वाक्य म्हटलं, आणि त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. बाईंचा यात काडीचा दोष नव्हता. घरी मार खाणाऱ्या चार मुली बघून त्यांना जे कळलं होतं तेच त्यांना पाचव्या मुलीत, माझ्यात, दिसलं. पण वसाहतीत गोष्ट या चुलीवरून त्या चुलीवर जायला वेळ लागत नाही.

एका शनिवारी मी शाळेतून आले तर आमच्या दारात चार माणसं बसली होती. दादांचीच माणसं, समितीतली. सगळ्यांत पुढे कोळसा विभागातले एक वयस्कर फिटर, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो. आई आत ओट्याशी पाण्याचे पेले भरून उभी होती. मला आधी वाटलं, दादांना कुठे बसायला बोलवायला आलेत. मग कोणीच माझ्याकडे नीट बघेना, तेव्हा लक्षात आलं.

सव्वातीनला दादा पहिल्या पाळीवरून आले. सायकल लावली. चौघांकडे पाहिलं. मग चपला काढल्या आणि त्यांच्या ओळीत, आपल्याच दारात, जमिनीवर मांडी घालून बसले.

"भाऊ," तात्या म्हणाले, "इथं बसायची वेळ आली याचं लय वाईट वाटतंय."

"वाईट वाटून घेऊ नका. ऐकून तुम्ही आला नसता तर मी विचारलं असतं, की मग रीत पाडली कशाला."

"मग सांगा."

"मी पोरीला हात लावलेला नाही."

तात्यांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "भाऊ, तुमचंच शिकवणं आहे. सगळे असंच म्हणतात."

मी उंबऱ्यावरून ओरडले, "दादांनी नाही मारलं. खो-खोत लागतं मला." चारही जणांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत इतकी दया होती की मी रागाने रडायला लागले. आईने पाणी आणलं. चौघांनी घेतलं नाही. दादांनीही घेतलं नाही. ते आता बसणाऱ्यांतले होते.

दिवस कलायला लागला तसे तात्या त्यांच्याकडे सरकले आणि म्हणाले, "एकदा म्हणून टाका भाऊ. मिटून जाईल. आम्हीही उठू." दादा म्हणाले, "तात्या, जो आकडा मी पाहिलाच नाही तो लिहू कसा?" मग त्यांनी मान वर केली. "मला एक महिना द्या. पोरीच्या अंगावरच्या प्रत्येक डागाची मी नोंद ठेवतो. ती तुमच्यासमोर ठेवतो. तिच्यात मी दोषी दिसलो तर विहारात उभा राहीन आणि सचिवपद सोडेन. पुन्हा कोणाच्या दारात जाऊन बसायचं तोंड मला राहणार नाही." चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते उठले.

दुसऱ्या दिवशी दादांनी लांबट पानांची एक वही आणली. पट्टीने रेघा मारून रकाने पाडले. तारीख, वेळ, डाग कुठे, लांबी-रुंदी, रंग, आधी काय घडलं, नंतर काय केलं. आणि शेवटचा रकाना, 'माझी पाळी'. म्हणजे डाग उमटला तेव्हा ते घरी होते की कामावर. लॉगशीट बघितलेल्या कोणालाही ती वही लगेच ओळखू आली असती. रोज संध्याकाळी शेजारच्या काकू पडद्याआड माझ्या कंपासपेटीतली पट्टी लावून डाग मोजायच्या आणि आतून आकडे सांगायच्या. दादा बाहेरच्या खोलीत बसून लिहायचे; दुसरी पाळी असली की काकू आकडे चिठ्ठीवर ठेवून जायच्या आणि ते रात्री येऊन उतरवायचे. काकूंना पहिल्यांदा या सगळ्याचा फार संकोच वाटला. आठवडाभरात मात्र त्या इतक्या रंगल्या, की "कालचा हिरवा आज पिवळा झालाय बरं का" असं ओरडून सांगायला लागल्या. पान संपलं की खाली दादांची सही.

त्या महिन्यात दादांनी मला एकदाही हात लावला नाही. एरवी रेल्वेची कोळशाची लाईन ओलांडताना ते माझा हात धरायचे. आता ते दोन पावलं पुढे, हात पाठीमागे बांधून चालायचे. पडलेल्या वेणीची रिबीन उचलून द्यायची तरी ती खुर्चीवर ठेवायचे, मग मी घ्यायची. नोंद स्वच्छ राहायला हवी होती, हे मला कळत होतं. पण मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. मार खाल्लेल्या पोरींनाही एवढं एकटं वाटत नसेल, असं मी एकदा आईला म्हटलं. आईने मला जवळ ओढलं आणि स्वतःच रडली.

पंधरा दिवसांतच वहीने दादांची सुटका केली होती. ते सलग पाच दिवस दुसऱ्या पाळीला असताना माझ्या अंगावर सात डाग उमटले होते. दोन तर शाळेतच, बाईंच्या डोळ्यांदेखत. बाईंनी स्वतः येऊन तसं सांगितलं. दुसरा कोणी असता तर वही मिटून समितीकडे गेला असता. दादा म्हणाले, "मी नाही, एवढंच यातून कळलं. मग का होतं? कारण सापडल्याशिवाय नोंद पुरी होत नाही." आणि ते आम्हा दोघींना घेऊन नाशकातल्या एका मोठ्या दवाखान्यात गेले. आईच्या मनात वेगळीच भीती होती. रक्ताचा कॅन्सर असाच सुरू होतो, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. बसमध्ये तिने माझा फ्रॉक मुठीत घट्ट धरून ठेवला होता.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग दादांकडे पाहिलं. त्या पाहण्याची आम्हाला आता सवय झाली होती. दादांनी वही पुढे सरकवली. बाई वाचायला लागल्या. एक पान, दोन पानं. मग त्यांनी चष्मा नीट बसवला, बाहेर बसलेल्या पेशंटांना थांबायला सांगितलं आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

"असं अंग काळंनिळं का पडतं माहीत आहे?" त्या वाचता वाचताच म्हणाल्या. "आहारात कमतरता असते कधी. आंबट फळं, पालेभाजी पोटात जात नाही. कधी यकृत बिघडतं. रक्तात बारीक चकत्या असतात, जखमेवर बूच बसवतात, त्या कमी पडतात. नाहीतर रक्त गोठवणारं द्रव्यच कमी असतं. कधी औषधांनी होतं. आणि मार. मार माझ्या यादीत नेहमी असतो, वाईट वाटून घेऊ नका."

"तो आमच्याही यादीत असतो," दादा म्हणाले.

त्यांनी माझं रक्त तपासायला घेतलं. त्यातली एक तपासणी मी कधी विसरणार नाही. कानाच्या पाळीला बारीक टोचलं आणि दर अर्ध्या मिनिटाला टिपकागदाने रक्त टिपत राहिले. कागदावर लाल ठिपक्यांची ओळ तयार व्हायला लागली. ठिपके लहान होत होत थांबायला हवेत. माझे थांबेचनात. एक ओळ संपली, दुसरी सुरू झाली. टिपणारे गृहस्थ घड्याळ बघत होते आणि दादा आपलं घड्याळ बघून वहीच्या मागच्या पानावर लिहीत होते. चकत्या मात्र मोजल्या तर पुरेशा भरल्या. कॅन्सर नाही, हे बाईंनी सगळ्यांत आधी आईला सांगितलं.

मग त्यांचं बोट वहीच्या एका रकान्यावर थांबलं. 'नंतर काय केलं' या रकान्यात ठिकठिकाणी लिहिलेलं होतं, अर्धी गोळी.

"ही कसली गोळी?"

"ॲस्पिरिन," दादा म्हणाले. "डाग ठणकतो म्हणून रात्री तिची आई देते. वीज केंद्राच्या दवाखान्यातून डोकेदुखीला मिळते, ती घरात असते. यंत्राला हात लावला तर तेही लिहायचं असतं, म्हणून लिहिली."

बाईंनी डोक्याला हात लावला. मग त्या हसल्या, पण चांगलं हसल्या. "अहो, ही गोळी त्या चकत्यांना कामच करू देत नाही. एकदा घेतली की आठवडाभर. डाग दुखतो म्हणून गोळी, गोळीमुळे नवे डाग. हे तुम्ही लिहिलं नसतं तर मी विचारलं असतं आणि तुम्ही म्हणाला असता, औषध काही चालू नाही. सगळे असंच म्हणतात." हे शेवटचं वाक्य ऐकून दादांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, ते मी पाहिलं.

"पण नुसत्या गोळीने एवढं होत नाही," बाई पुढे म्हणाल्या. "मुळात काहीतरी कमी असणार. हे घराण्यात चालत येतं. घरात आणखी कोणाला असे डाग?"

दादा म्हणाले, "नाही, कोणाला नाही."

आईने सावकाश पदर बाजूला केला आणि हात टेबलावर ठेवला. कोपराच्या वर एक निळा डाग होता, बादलीच्या कडीचा. "मला वाटायचं, सगळ्यांनाच होतं," ती म्हणाली. बाईंनी तिला हळू आवाजात दोन-चार प्रश्न विचारले, महिन्याच्या पाळीचे, माझ्या वेळच्या बाळंतपणाचे. ती प्रत्येकाला मान हलवत गेली. मग बाईंनी विचारलं, "तुमच्या आईला?"

आईने दादांकडे पाहिलं. दादांनी वहीत खुपसलेली मान वर केली, आणि पेन तसंच हातात राहिलं. शेवटी दादाच म्हणाले, "हो. त्यांनाही होतात."

परतीच्या बसमध्ये दादा नाशिकरोड येईपर्यंत वही पहिल्या पानापासून वाचत होते. मग म्हणाले, "तू तेव्हा सांगितलं होतंस." आई म्हणाली, "आईनेही सांगितलं होतं." एवढंच बोलणं झालं. मला मात्र तेव्हा कुठे उलगडा झाला. घाटावर पाय सरकला, यांनी धरलं. आजी खरं बोलली होती.

समितीसमोर वही ठेवायची वेळ आली तेव्हा सगळे खूश होते. डॉक्टरांची चिठ्ठी वाचून झाल्यावर तात्या हात जोडून उभे राहायला लागले, तर दादांनी त्यांना खांदा दाबून बसवलं. "तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलेलं आहे, ते मला दुसरीकडे जाऊन सांगायचंय."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं आजोळी गेलो. विहारात वंदना नुकतीच संपली होती. लोक उठायच्या आत दादा पुढे गेले. आजोबा एका कोपऱ्यात बसले होते, धोतराचा सोगा आवरत. सात वर्षांत ते माझ्या आठवणीतल्यापेक्षा खूप वाळले होते. दादांनी वही छातीशी धरली होती, तशीच दोन्ही हातांत घेऊन ते हात जोडून उभे राहिले. बरोबर जिथे आजोबांना उभं केलं होतं तिथेच, असं आईने नंतर सांगितलं.

"सात वर्षांपूर्वी मी माझ्या सासऱ्यांना इथं उभं केलं," दादा म्हणाले. त्यांचा आवाज रविवारच्या भाषणाचा नव्हता, घरातला होता. "त्यांनी सासूबाईंना, मामींना, मारलं असं मी म्हटलं. त्यांनी मारलं नव्हतं. मामींच्या रक्तात एक कमतरता आहे, ती माझ्या बायकोत आहे, माझ्या मुलीत आहे. धरलं तरी डाग पडतो. मामींनी मला तेव्हाच सांगितलं होतं. बायकोने सांगितलं होतं. मी कोणाचंच ऐकलं नाही. मी चुकलो."

मग आजोबा जागेवरूनच म्हणाले, "बसा खाली, जावईबापू. झालं ते झालं."

"मामा, तुम्ही मारलं नव्हतं तर 'चुकलं' का म्हणालात?"

आजोबा जरा ओशाळले. एवढ्या लोकांत बोलायची त्यांना सवय नव्हती. "तुमी दारात उपाशी बसलेले," ते म्हणाले. "पानी सुदिक घेईनात. जावई दारात उपाशी मरतो का काय, याचंच म्या भ्या घेतलं. म्हनलं, म्हनून टाकू. तुमी उठान, दोन घास खासान."

दादा मटकन खाली बसले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं, आणि मला लाज वाटली नाही. मला वाटलं, माझ्या वर्गातल्या सगळ्या पोरींनी इथे असायला हवं होतं, त्यांनी बघायला हवं होतं की माझे दादा कोणाच्याही दारात बसतात आणि वेळ आली तर असेही बसतात. आजी मात्र एवढ्यावर गप्प बसणारी नव्हती. बायकांच्या बाजूने तिचा आवाज आला, "आन् मला कोन इचारनार? डाग माझ्या अंगावं, माफी यांनी मागायची, निकाल तुमी लावायचा. म्या तवाच सांगितलं व्हतं का नाय?"

"सांगितलं होतं, मामी."

"मंग यापुढं बाईला आधी इचारत जा. ती बोलंल ते लिव्हून घ्या."

दादांनी ते खरंच लिहून घेतलं. त्यानंतरही ते दारात बसत राहिले, कारण दहांतल्या नऊ दारांत मारच असायचा आणि डागांना दुसरं काही कारण नसायचं. पण आता आधी काकू आणि आई घरात जाऊन त्या बाईशी एकटीशी बोलायच्या, आणि शंका आली तर तिला डॉक्टरीणबाईंकडे न्यायच्या. आजीने घालून दिलेली ही दुरुस्ती पुढे आसपासच्या दोन-तीन वसाहतींनीही उचलली. ती आमच्या आजीची आहे, हे तिथे कोणाला ठाऊक नसेल. मला ठाऊक आहे आणि मी ते सांगत सुटते.

त्या दिवशी आजोबांच्या घरी दादा पोटभर जेवले. पाणी तर तांब्याने प्यायले. निघताना आजोबा म्हणाले, कांदे निघाले की पोतं घेऊन तुमच्याकडं येतो. बसस्टँडवर जायला नदीकाठाने पायवाट होती. आई पुढे चालत होती. दादा थोडा वेळ हात पाठीमागे बांधून चालले, महिनाभराच्या सवयीने. मग त्यांनी एकदम माझं मनगट धरलं, आणि बस येईपर्यंत सोडलं नाही. त्यांनी फार घट्ट धरलं होतं. मी हलले नाही.

पुढे काही वर्षांनी, ऐंशीच्या दशकात, आमच्या तिघींचं रक्त मुंबईला पाठवून त्या कमतरतेचं लांबलचक परदेशी नावही कळलं. माझ्या बाळंतपणात मी ती वही घेऊनच दवाखान्यात दाखल झाले, आणि डॉक्टरांनी आधीच सगळी तयारी करून ठेवली होती म्हणून मी हे लिहायला शिल्लक आहे. वही अजून माझ्या कपाटात आहे. पण मी कोणाला दाखवते ते तिच्यातलं वेगळंच पान.

गोळी बंद करून तीन महिने नोंद चालू ठेवायची, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. गावाहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या मनगटावर चार निळी बोटं उमटली होती. काकू माहेरी गेलेल्या. आई म्हणाली, राहू दे, हे नको लिहायला, लोक काय म्हणतील. मी वही घेतली, पट्टी लावून मोजलं आणि माझ्याच अक्षरात लिहिलं. जागा, डावं मनगट. रंग, निळा. आधी काय घडलं, दादांनी हात धरला. नंतर काय केलं, काही नाही.

दादा पाळीवरून आले तेव्हा मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग खिशातून पेन काढलं आणि पान संपलेलं नसतानाही त्या ओळीखाली सही केली.